दगडांतील हाडे वाचणारा शिक्षक

पालघर जिल्ह्यातील डोंगर कोणत्याही बाजूने पाहिले तरी त्यांचा रंग काळाच दिसतो. काळदुर्ग आणि अशेरी हे किल्ले ज्या कातळावर उभे आहेत तो कातळ, बोईसर-तारापूरच्या रस्त्यांवर पसरली जाणारी खडी आणि १९६९ साली ज्या किनाऱ्यावर देशाचा पहिला अणुवीज प्रकल्प सुरू झाला त्या किनाऱ्याखालचा खडक, हे सारे एकाच कुळातले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या, लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि ते निवून बसाल्ट तयार झाला. दख्खनच्या या काळ्या पाषाणात प्राण्यांचे अवशेष सापडणे शक्य नाही अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि एका अर्थाने ती बरोबरही आहे. वितळलेल्या दगडात हाड टिकत नाही. परंतु लाव्ह्याचा एक लोंढा थांबल्यानंतर दुसरा येईपर्यंत कधी हजारो वर्षे लोटत. तेवढ्या अवधीत त्या ओसाड भूमीवर तळी साचत, गवत उगवे, गोगलगायी आणि बेडूक राहू लागत. पुढचा लोंढा त्या तळ्याचा गाळ जसाच्या तसा झाकून टाकी. पश्चिम रेल्वेने रोज मुंबईस जाणाऱ्या नोकरदाराला ठाऊक असलेल्या वरळीच्या टेकडीखाली अशाच एका थरात चिमुकल्या बेडकांचे सांगाडे सापडले होते. १८४७ साली लंडनमधील शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

काळ्या पाषाणाच्या पानांमध्ये दडलेले हे लेखन महाराष्ट्रात सर्वांत चिकाटीने कोणी वाचले असेल, तर ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी. त्यांचे नाव नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे सर्वांच्या तोंडी आहे. त्या कॉलेजात शिकलेल्या पिढ्या विदर्भातच नव्हे, तर कोकणातील कचेऱ्यांत आणि शाळांतही भेटतात. परंतु ज्याच्या नावाचे कॉलेज, तो मनुष्य लुप्त झालेल्या प्राण्यांची हाडे गोळा करीत चांद्याच्या रानात हिंडत असे, हे त्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. आपल्याकडे माणसाचे नाव इमारतीला मिळाले की त्याचे कार्य त्या इमारतीआड जाते. हिस्लॉप यांच्या बाबतीत तसेच घडले आहे.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील डन्स या गावी ८ सप्टेंबर १८१७ रोजी झाला. निसर्गनिरीक्षणाची ओढ त्यांना लहानपणापासूनच होती. एडिंबरो आणि ग्लासगो या विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले आणि धर्मशास्त्राचे अध्ययन त्यांनी टॉमस चाल्मर्स यांच्या हाताखाली केले. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि सरकारी आश्रय नाकारून अनेक धर्मोपदेशक बाहेर पडले. त्या स्वतंत्र पंथाने हिस्लॉप यांना हिंदुस्थानात धाडले. १८४४ च्या डिसेंबरात ते मुंबईस उतरले आणि पुढच्या वर्षाच्या प्रारंभी नागपुरास पोहोचले. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचे राज्य होते. नागपूर आणि शेजारची कामठीची छावणी हे त्यांचे कार्यक्षेत्र ठरले. त्यांनी मराठी आत्मसात केली, शाळा काढली, आणि उरलेले सारे आयुष्य याच मुलखात घालविले.

ते आले होते धर्मप्रसारासाठी, आणि हे लपविण्याचे कारण नाही. धर्मांतराच्या प्रश्नावरून नागपुरात वादळे उठली. एका विद्यार्थ्याच्या धर्मांतराचे प्रकरण तर थेट राजदरबारापर्यंत गेले. आपल्या धर्माइतका दुसरा कोणताही धर्म मानवाला तारक नाही, अशी त्या काळच्या मिशनऱ्यांची श्रद्धा होती आणि हिस्लॉप तिला अपवाद नव्हते. त्या श्रद्धेशी आज कोणी सहमत व्हावे असे नाही. परंतु माणसाचे मूल्यमापन करताना तो कशासाठी आला याबरोबरच तो काय मागे ठेवून गेला, हेही पाहावे लागते.

हिस्लॉप यांना १८४७ साली रॉबर्ट हंटर हे सहकारी मिळाले. दोघांनाही पायी भटकण्याची आणि वाटेतील दगड उचलून पाहण्याची आवड होती. नागपूरच्या पश्चिमेस टाकळी नावाचे खेडे होते. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. १८५१ च्या सुमारास या टाकळीजवळच्या टेकाडात, वरचा बसाल्ट आणि खालचा बसाल्ट यांच्या मधोमध असलेल्या पातळ थरात, त्यांना गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडले. शंखांमागोमाग फळे, बिया, लाकडाचे तुकडे, कीटकांचे पंख आणि हाडेही निघाली. असे थर दख्खनमध्ये आहेत हे जॉन माल्कमसन यांच्यासारख्या पूर्वसूरींनी दाखविले होते. हिस्लॉप आणि हंटर यांनी मात्र एका परिसराचा असा कसून शोध घेतला की नागपूरचे नाव भूविज्ञानाच्या नकाशावर कायमचे उमटले. योगायोगाची गोष्ट अशी की, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या सरकारी खात्याची स्थापनाही १८५१ सालचीच. खात्याची माणसे नागपुराकडे वळण्यापूर्वीच शाळा सांभाळून उरलेल्या वेळात दोन शिक्षक त्याच कामाला लागले होते.

१८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील व जीवाश्मांवरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८६० साली हिस्लॉप यांनी बसाल्टमधील थरांवर स्वतंत्र निबंध लिहिला आणि त्यात कितीतरी शंखांचे शास्त्रोक्त वर्णन केले. शंख त्यांनी स्वतः ओळखले. हाडे मात्र त्यांनी विलायतेस पाठविली, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

शंख जवळजवळ अखंड मिळतो. त्याच्या बाह्य आकारावरून जात ओळखता येते. हाडांचे तसे नसते. एखादा प्राणी मरतो तेव्हा त्याचे मांस सडते, सांगाडा विस्कटतो, पाण्याच्या ओढीने हाडे दूर जातात, आणि गाळात पुरले जाते ते बहुधा एखादे हाड, एखादा दात किंवा कवटीचा एखादा भाग. त्या तुटक्या खुणेवरून अखंड प्राणी उभा करावयाचा तर शेकडो जिवंत प्राण्यांचे सांगाडे शेजारी असावे लागतात. फ्रान्समध्ये जॉर्ज क्यूव्हिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी या शास्त्राचा पाया घातला. प्राण्याचा प्रत्येक अवयव इतर अवयवांशी सुसंगत असतो, हे त्यांचे मूळ सूत्र. मांस फाडणारे दात असतील तर जबडा, पंजा आणि पचनसंस्थाही मांसाहाराला साजेशीच असावयाची. म्हणून एक दात पुरेसा बोलका असतो, पण तो ज्याला वाचता येतो त्यालाच. असा तुलनेचा सांगाडासंग्रह नागपुरात नव्हता, तो लंडनमध्ये होता. हिस्लॉप यांनी आपली मर्यादा ओळखली आणि जे आपणास वाचता येत नाही त्याचा अर्थ ओढूनताणून लावण्याचा मोह टाळला.

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्मातून एक कवटी हिस्लॉप यांच्या संग्रहात आली. ती बसाल्टहून कितीतरी प्राचीन खडकातील होती. ओवेन यांनी तिची तपासणी केली. कवटी रुंद आणि चपटी, तोंडाकडचा भाग आखूड आणि डोळ्यांच्या खोबणी पुढच्या बाजूस सरकलेल्या, हे सगळे मगरीशी किंवा सरड्याशी जुळत नव्हते. पाण्यात दबा धरून बसणाऱ्या आणि वर पाहत राहणाऱ्या एका प्राचीन उभयचराची ती रचना होती. १८५५ साली ओवेन यांनी त्याला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असे नाव दिले. आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा असा त्याचा अर्थ. पुढे ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका येथेही त्याचे आप्त सापडले आणि त्या साऱ्या कुळाला मांगलीच्या या प्राण्यावरूनच नाव मिळाले. विदर्भातील एका खेड्यातल्या कवटीवरून जगभरच्या एका प्राणिकुळाची ओळख ठरली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असावयास हरकत नव्हती.

त्याहून दक्षिणेस, त्या काळच्या निजामाच्या राज्यात आणि आजच्या तेलंगणात, मालेरी नावाचे ठिकाण आहे. तेथील तांबड्या मातीतून हिस्लॉप यांना माशाचे काही दात मिळाले. हे दात सुट्या सुळ्यांसारखे नव्हते. कंगोरे असलेल्या जाड चकत्या असे त्यांचे रूप होते. सर्वेक्षण खात्याचे प्रमुख टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ साली त्यांचे वर्णन करून त्या माशास सिरॅटोडस हिस्लॉपियानस हे नाव दिले. असे दात युरोपातही मिळत असत, परंतु तो मासा प्रत्यक्षात कसा असेल याची कोणालाच कल्पना नव्हती, कारण कूर्चेचा सांगाडा कुजून जातो आणि दातच तेवढे उरतात. १८७० साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या नदीत एक जिवंत मासा शास्त्रज्ञांच्या हाती लागला. त्याच्या तोंडात तशाच कंगोऱ्यांच्या चकत्या होत्या, आणि कल्ल्यांबरोबरच त्याला हवेत श्वास घेण्यासाठी फुप्फुसही होते. दगडातील दाताचा उलगडा पाण्यातील जिवंत माशाने केला. हिस्लॉप मात्र तो दिवस पाहण्यास उरले नव्हते.

मालेरीच्या हाडांची कथा आणखी एका दृष्टीने उद्बोधक आहे. तेथील काही अवशेषांवरून टॉमस हक्स्ली यांनी १८७० साली मगरीसारख्या एका सरीसृपास पॅरासुकस हे नाव दिले आणि रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ साली त्याच्या नावापुढे हिस्लॉप यांचे नाव जोडले. सुमारे नव्वद वर्षांनी कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील शंकर चटर्जी यांनी त्या मूळ अवशेषांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली. त्या संचात दोन निरनिराळ्या प्राण्यांची हाडे मिसळलेली होती. ज्याला पॅरासुकसच्या सांगाड्याचा एक भाग समजले गेले होते तो वास्तविक चोचीसारखा जबडा असलेल्या दुसऱ्याच एका शाकाहारी सरीसृपाचा भाग होता. सुदैवाने तोपर्यंत त्याच खोऱ्यातून भारतीय शास्त्रज्ञांनी पॅरासुकसचे जवळजवळ संपूर्ण सांगाडे खणून काढले होते, त्यामुळे त्या प्राण्याची खरी रचना निश्चित झाली. त्या सांगाड्यांच्या पोटाच्या जागी दुसऱ्या एका लहान सरीसृपाची हाडेही मिळाली, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचे त्यांचे शेवटचे भक्ष्यही कळून आले. हाडे भुईवरून नुसती वेचली तर गोंधळ होतो. ती कोठे, कशी आणि कशाशेजारी पडली होती याची नोंद ठेवून सावकाश उकरली तर तीच हाडे जीवनचरित्र सांगू लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या उत्तरेस पिसदुरा आहे. तेथील शेतांत मोठमोठी हाडे वर येतात. हिस्लॉप यांनी ती गोळा केली. त्यांच्यानंतर सर्वेक्षण खात्याच्या लोकांनीही केली. १८७९ साली लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस या अजस्र डायनोसॉरची एक जात वर्णिली. या मणक्यांची खूण अशी, की त्यांची पुढची बाजू वाटीसारखी खोल आणि मागची बाजू चेंडूसारखी फुगीर असते. एका मणक्याचा चेंडू पुढच्या मणक्याच्या वाटीत बसतो आणि लांबलचक शेपूट बळकट तरीही लवचिक राहते. याच पिसदुऱ्यात प्राण्यांची विष्ठाही दगड होऊन पडलेली आहे. २००५ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांचे सहकारी यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. तीत गवताच्या पेशींतील सिलिकाचे कण निघाले. डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते असे तोवर मानले जात असे. विदर्भातील एका गावच्या शेतातील अश्मीभूत शेणाने जगातील पाठ्यपुस्तकांचे ते विधान खोडून काढले.

हिस्लॉप यांच्या सर्वच अनुमानांवर काळाने शिक्कामोर्तब केले असे नाही. टाकळीचे थर त्यांनी डायनोसॉरांच्या अंतानंतरच्या युगातील मानले होते. आज त्यांतील बहुतेक भाग डायनोसॉरांच्या अखेरच्या काळातील समजला जातो. नागपूरच्या कोळशाच्या आणि वनस्पतींच्या थरांच्या वयाबाबतही त्या काळी तज्ज्ञांत मोठा वाद होता आणि हिस्लॉप त्यात हिरिरीने उतरले होते. परंतु कामठी आणि सिलेवाडा येथून त्यांनी जमविलेली ग्लॉसोप्टेरिसची पाने चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली वर्णिली आणि तशीच पाने ऑस्ट्रेलियातही मिळत होती, हे सत्य कोणत्याही वादाने पुसले गेले नाही. गोंडांच्या प्राचीन देशावरून या खडकांच्या संचाला गोंडवन हे नाव मिळाले. एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ साली त्याच नावाने दक्षिणेकडील एका लुप्त महाभूमीची कल्पना मांडली, आणि विसाव्या शतकात खंडे सरकतात हे सिद्ध झाल्यावर गोंडवनभूमी हा शब्द जगभर रूढ झाला. मांगलीची कवटी आणि सिलेवाड्याचे पान हे त्या अखंड भूमीचे आरंभीचे साक्षीदार होत.

ज्या गोंडांच्या नावाने ही भूमी ओळखली जाते, त्यांच्याविषयीही हिस्लॉप यांना उदासीनता नव्हती. त्यांनी गोंडी शब्द जमविले, लिंगोची कथागीते उतरवून घेतली, आदिवासींच्या चालीरीतींची टिपणे केली. ही टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केली. वारली, कोकणा, कातकरी आणि मल्हार कोळी यांच्या पालघर जिल्ह्यात या गोष्टीचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्या समाजाचे वाङ्मय केवळ कंठात असते, त्याचे एकेक वृद्ध गेले की एकेक ग्रंथ जळतो. हाडे निदान दगडात टिकतात, गाणी हवेत विरतात.

हिस्लॉप यांचा अंतही त्यांच्या जिज्ञासेच्या वाटेवरच झाला. नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथे मोठ्या दगडांची प्राचीन वर्तुळे आहेत. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टेंपल यांच्यासमवेत ती खणून पाहण्यास ते गेले होते. काम आटोपल्यावर इतर मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मात्र गावातील शाळेची तपासणी करण्यासाठी मागे राहिले आणि तिन्हीसांजेला एकटेच घोड्यावरून निघाले. दिवस पावसाळ्याचे. सकाळी सहज ओलांडलेला नाला आता फुगला होता. घोडा मुक्कामावर एकटा परतला तेव्हा शोधाशोध झाली आणि पाण्यात त्यांचा मृतदेह मिळाला. चारच दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षे पूर्ण झाली असती. त्याच वर्षी नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. त्यांची शाळा वाढत गेली आणि १८८३ साली तिच्या परंपरेतून उभ्या राहिलेल्या कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. मुंबईचे डॉक्टर हेन्री कार्टर यांनी नागपूरच्या तळ्यातील एका सूक्ष्म जीवास १८५८ सालीच हिस्लॉपिया हे नाव दिले होते. एका खनिजालाही हिस्लॉप यांचे नाव आहे. म्हणजे जिवंत प्राणी, दगड झालेला मासा आणि निर्जीव खनिज अशा तिन्ही सृष्टींत ते नाव कोरले गेले आहे.

या चरित्रातून उद्भवणारा प्रश्न मात्र जुना झालेला नाही. मांगलीची कवटी लंडनला गेली, ती तेथेच राहिली. तिच्यावर ज्यांनी लिहिले ते थोर शास्त्रज्ञ होते, परंतु ज्या मुलखातून ती निघाली तेथील विद्यार्थ्याने ती पाहावयाची तर समुद्र ओलांडावा लागतो. ज्या गावकऱ्यांनी वाटा दाखविल्या आणि ज्या हातांनी दगड फोडले, त्यांची नावे विज्ञानाच्या इतिहासात उरली नाहीत. परकीय सत्तेच्या काळात ज्ञानाचा व्यवहार बहुधा एकाच दिशेने चाले, हे मान्य करावेच लागेल. पण त्याबरोबर हेही मान्य करावयास हवे, की स्वातंत्र्यानंतर आपल्या ताब्यात राहिलेल्या स्थळांचे आपण फार चांगले केलेले नाही. टाकळीवर घरे उभी राहिली. हिस्लॉप ज्या बोरीला परतत होते तो बुटीबोरीचा परिसर आज बोईसर-तारापूरसारखीच औद्योगिक वसाहत आहे. पिसदुऱ्याची हाडे अजून नांगराच्या फाळाला लागतात. घरे हवीत, कारखाने हवेत, नांगरही चालला पाहिजे. तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. पाया खणण्यापूर्वी खाली काय आहे हे कोणी तरी पाहून, मोजून, लिहून ठेवावे, इतकीच अपेक्षा आहे. २००१ साली पॅरासुकससाठी नवा प्रमाण नमुना सुचवावा लागला, तो जुने अवशेष अपुरे पडल्यामुळेच. नोंद एकदा हुकली की ती पुन्हा करता येत नाही, कारण खणलेला थर पुन्हा भरून येत नाही.

असे काम केवळ विद्यापीठांनी करावयाचे असते, हा समज हिस्लॉप यांच्या चरित्राने खोटा ठरविला आहे. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, संशोधनासाठी वेगळे वेतन नव्हते. दिवसभर मुलांना शिकवून उरणारा वेळ आणि सुट्टीतील प्रवास एवढेच त्यांचे भांडवल. तीन गोष्टी मात्र त्यांनी कटाक्षाने पाळल्या. दगड कोणत्या गावचा आणि कोणत्या थरातला याकडे त्यांनी लक्ष दिले. आपणास जे ओळखता आले ते स्वतः लिहिले आणि जे ओळखता आले नाही ते जाणकाराकडे पाठविले. आणि आपले निष्कर्ष इतरांनी तपासावेत म्हणून प्रसिद्ध केले. शास्त्रीय वृत्ती म्हणतात ती याहून फारशी निराळी नाही. कचेरीत बसून आवकजावक नोंदविणाऱ्या लिपिकाला यातील पहिला गुण अंगवळणीच पडलेला असतो, आणि शिक्षकाला तिसरा.

पालघर जिल्ह्याच्या वाट्यास मांगलीसारखी कवटी येईल की नाही हे सांगता येणार नाही. येथे बसाल्ट जाड आहे. परंतु खडीच्या खाणी रोज नवी भिंत उघडी करतात, विहिरी खणल्या जातात, रस्त्यांसाठी डोंगर कापले जातात. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जेथे लाल किंवा फिकट मातीचा पट्टा दिसतो, तेथे एक संपून गेलेला उन्हाळा-पावसाळा बंदिस्त असतो. तालुक्याच्या प्रत्येक माध्यमिक शाळेत एक साधे कपाट असावे, त्यात विद्यार्थ्यांनी आणलेले दगड असावेत आणि प्रत्येक दगडावर गाव, जागा, खोली आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी असावी, याला फारसा खर्च येत नाही. चिठ्ठी नसलेला दगड हा केवळ दगड असतो, चिठ्ठी असलेला दगड हा पुरावा होतो. नागपूरच्या एका शिक्षकाने जमविलेल्या तुकड्यांना दीडशे वर्षांनंतरही किंमत आहे ती या एका भेदामुळे.